विसाव्याचं वर्ष

जिबरीलचा ट्रक बियो-अद गावात शिरला तेव्हा वरफा घराच्या सावलीला दोर वळत बसला होता. त्या वर्षी त्याला दोराचं काहीच काम नव्हतं. त्याच्या कड्यावरची लोबानाची झाडं विसाव्याला होती. दोन हंगाम घाव घालायचे, तिसऱ्या हंगामात तासणी घेऊन झाडाजवळ फिरकायचंसुद्धा नाही, हे त्याच्या बापाने घालून दिलेलं. पण हात रिकामे राहिले की वरफाला करमत नसे. म्हणून जुना दोर उकलायचा आणि पुन्हा वळायचा, असं चाललं होतं.

आधी पोट आणि मग स्वतः, असा जिबरील ट्रकमधून उतरला. तो वरफाच्या बायकोचा, अंबरोचा, धाकटा भाऊ. महिन्याकाठी एकदा बरबेऱ्याच्या बंदरातून तांदूळ, साखर, मैदा घेऊन डोंगरात यायचा आणि परतताना लोबानाची पोती न्यायचा.

"दाजी, सोडा तो दोर. बातमी आणलीय."

"काय, साखर महागली?"

"अर्काची भट्टी मिळाली!"

हे ऐकून घरातून बिलान धावत आली. हाताला पीठ तसंच होतं. वरफाची ही मुलगी बावीस वर्षांची. हर्गेसा शहरात एका अर्क काढणाऱ्याकडे दीड वर्ष राहून ती काम शिकून आली होती. येताना तिने अंगठ्याएवढी बाटली आणली, आणि गावातल्या एकेका बाईच्या मनगटाला त्यातला थेंब लावून सांगितलं, हा आपल्याच कड्यावरचा. आपली पोती बंदरात जातात, बोटीवर चढतात आणि पार तिकडं दुसरंच कुणीतरी त्यांचा अर्क काढतं. तो आपण इथंच काढायचा, एवढंच तिचं म्हणणं होतं. सात घरच्या बायकांनी डोक्यावरून दगड वाहून एक खोली उभी केली, वर पत्रा टाकला. दोन वर्षं ती रिकामीच होती. पुरुषमाणसं तिला 'बिलानचा राजवाडा' म्हणत आणि दुपारी तिथंच आडवी होत.

"कुणी दिली, मामा?"

"हाजी बेलेने. बंदरात दुसरा कोण व्यापारी देणार? पलीकडून बोटीने येणार, बंदरात उतरणार, तिथून माझ्या ट्रकमध्ये." जिबरीलने घाम पुसला. "बदल्यात या हंगामात तीन ट्रक लोबान."

वरफाचे हात थांबले. "सगळ्या गावाचा मिळून दीड होतो. तोही चांगल्या वर्षी."

"म्हणून तर धावत आलो. सगळ्यांनी घाव घालून सगळी झाडं उघडायची. विसाव्याचीसुद्धा."

"ती नाही उघडायची."

"एकाच वर्षाचा प्रश्न आहे, दाजी. झाड काय बोलून दाखवतंय का, थकलो म्हणून?"

"बोलतं. तुला ऐकू येत नाही. ट्रकच्या घरघरीने कान गेलेत तुझे."

बिलान हसली. पण बापाचा चेहरा बघून तिने हसू आवरलं आणि हाताचं पीठ चोळत आत गेली.

संध्याकाळी अंबरो शेळ्या घेऊन आली. तिने भावाचं सगळं ऐकून घेतलं, त्याला चहा दिला, आणि तो ट्रककडे गेल्यावर चुलीपाशी बसून तव्यावर घावनासारख्या लाहोहचं पीठ ओतत नवऱ्याला म्हणाली, "उघडा झाडं."

"अंबरो, ती विसाव्याला आहेत."

"मला ठाऊक आहे. तीस वर्षं तुमच्या घरात आहे मी." तिने पीठ गोल फिरवलं. "दिरियेला बंदरात जाऊन किती वर्षं झाली?"

दिरिये त्यांचा मोठा मुलगा. बंदरात हमाली करायला म्हणून गेला आणि तिथूनच एका होडीने समुद्रापलीकडे निघाला. होडी निघाल्याचं सांगणारी माणसं भेटली. पोचल्याचं सांगणारं कुणी भेटलं नाही.

"सहा," अंबरोच म्हणाली. "त्या बंदराने एक नेलं. ही शिकलेली पोरगी आहे. इथं हाताला काम नसेल तर ती काय शेळ्यांच्या लेंड्या गोळा करत बसणार आहे? आज ना उद्या मामाच्या ट्रकमध्ये चढेल. तुमची झाडं एक वर्ष थकतील. मी आणखी एक पोर नाही घालवणार."

तव्यावरची लाहोह करपली. तिने ती काढून त्याच्यापुढे ठेवली आणि त्याने ती तशीच खाल्ली.

आठ दिवसांनी वरफा कड्यावर गेला.

आमच्याकडची झाडं मातीत उभी नसतात. उघड्या खडकाला, कड्याच्या ऐन तोंडावर, ती बुंध्याने चिकटलेली असतात. परातीत मळलेली कणीक पसरावी तसा तो बुंधा दगडावर पसरलेला असतो. वरून दोर बांधून माणसाने खाली उतरायचं, पाय खडकाला टेकवून लटकायचं आणि तासणीने घाव घालायचा. तासणीला दोन तोंडं. धारेच्या तोंडाने कागदासारखी वरची साल उडवून नाण्याएवढा चट्टा काढायचा, बोथट तोंडाने नंतर वाळलेला चीक, म्हणजेच लोबान, खरवडायचा. मोठ्या झाडाला नऊ घाव, मधल्याला सहा. लहानाला एकही नाही.

वरफाने पहिल्या झाडाच्या बुंध्यावर तळहात ठेवला, अल्लाचं नाव घेतलं आणि घाव घातला. गेल्या दोन हंगामांच्या घावांवर अजून कोवळी खपली होती. तिच्याशेजारी थोडी चांगली साल शोधून त्याने दुसरा घातला. पांढरा थेंब यायला वेळ लागला. आला तोही पातळ, शेळीच्या दुधात पाणी घातल्यासारखा.

बिलान वर दोराशी बसली होती.

"आबा, किती झाले?"

"नऊ."

"मी तर बारा मोजले."

"मोजलेस तर विचारतेस कशाला?"

तिने वाकून खाली झाडाकडे बघितलं. मग म्हणाली, "हे एक सोडू या का? ह्याची साल बघा की कशी झालीय."

"आणि भट्टीत काय घालणार? तुझे केस?"

रागाने बोललो हे त्याचं त्यालाच कळलं. दोराला हिसका देऊन तो वर आला, तिने पुढे केलेला खजूर तोंडात टाकला आणि तिच्या डोक्यावर चीक लागलेलाच हात ठेवला. "धुतलेत की आबा मी केस," बिलान म्हणाली, आणि दोघंही हसली.

घाव घालायचा, दोन आठवडे थांबायचं, आलेला चीक खरवडायचा, तोच घाव थोडा रुंद करायचा, पुन्हा थांबायचं. असं पाच-सहा वेळा. बापलेक कड्याजवळच्या एका गुहेतच राहत. अंबरो दोन दिवसांआड पाणी आणि भात घेऊन दीड तासाचा चढ चढून यायची आणि टोपलीभर लोबान घेऊन उतरायची. वरफाच्या बोटांच्या पेरांत चीक इतका भरला होता की मूठ नीट मिटत नव्हती. गुडघे खडकाला घासून सोलवटले होते. सालीवर आता जागा उरली नव्हती, म्हणून तो फांद्यांवर घाव घालू लागला. फांद्यांवर आमच्यात कुणी घालत नाही.

हे तो एकटाच करत होता असं नाही. शेजारच्या कड्यांवरूनही दिवसभर तासण्यांचे आवाज येत होते. सातही घरांनी झाडं उघडली होती. माणसं एकमेकांना लांबून हाका मारत, पण किती घाव घातले ते कुणी कुणाला विचारत नव्हतं.

खाली 'राजवाड्यात' बायका निवड करत बसायच्या. मोठे पिवळे खडे वेगळे, बारीक वेगळे, सालपट लागलेले वेगळे. मोठ्या खड्यांचा ढीग वाढतच नव्हता.

"यंदा झाडांनी मोहरीच दिलीय गं," एक जण म्हणाली.

"मोठे खडे तुझ्या नवऱ्याने दाताखाली लपवले असतील. बोलतच नाही मेला," दुसरी म्हणाली. बायका हसल्या. अंबरो हसली नाही. ती बारकी कणी बोटाने उचलून मोठ्या ढिगात टाकत होती आणि थोड्या वेळाने स्वतःच ती परत काढत होती.

दोन ट्रक भरले. दुसऱ्याबरोबर वरफा बंदरात गेला. भट्टी आपल्या डोळ्यांनी बघून ये, असं सगळ्या गावाने त्याला सांगितलं होतं. त्याने दाढीला मेंदी लावली, धुतलेला सदरा घातला.

हाजी बेलेच्या वखारीपुढे त्यांना थांबावं लागलं. आधी तांदळाचे ट्रक बाहेर पडत होते. वरफा भिंतीच्या सावलीला उभा राहिला तर पहारेकऱ्याने त्याला काठीने बाजूला केलं, "काका, वाटेतून व्हा." तो उन्हात सरकला. मग शेळ्यांचा कळप आला, बोटीवर चढवायचा. पाठीवर रंगाचे ठिपके मारलेल्या शेकडो शेळ्या. त्यांच्यासाठी तो आणखी मागे सरला. भोंग्याच्या आवाजाने शेळ्या बिथरत होत्या आणि त्याच्या पायांत शिरत होत्या. आपल्या मुलखातल्या शेळ्या तो कानांवरून ओळखायचा. त्यातल्या पुष्कळ तिकडच्याच होत्या.

वखारीतला कारकून दिरियेच्या वयाचा होता. त्याने पोत्यात हात घातला, मूठभर लोबान काढला आणि फुंकर मारली. भुकटी उडाली.

"हे काय काका? लोबान आणलाय की पीठ?"

"यंदा बारीक आलाय."

"बारीक येत नसतो. तुम्ही आणता." त्याने एक खडा दाताखाली धरून थुंकला. "ओला आहे अजून. ही पोती मी पुऱ्या भावात धरणार नाही. दोनाचा एक."

"अरे, आमचे दाजी आहेत," जिबरील पुढे होऊन म्हणाला. "जरा बघ ना."

"तुमचे दाजी आहेत, माझे नाहीत." आजूबाजूचे हमाल हसले. जिबरीलही त्यांच्याबरोबर थोडा हसला.

अंगणाच्या कोपऱ्यात लाकडी पेटारा होता. एका बाजूची फळी निखळली होती आणि आत तांब्याचं गोल अंग चमकत होतं. जिबरीलने खुणेने सांगितलं, तीच. वरफा जवळ गेला. ती त्याच्या खांद्याइतकी उंच होती. त्याने फटीतून दोन बोटं आत घालून तांब्याला लावली. उन्हाने ते तापलं होतं.

"काका, हात नका लावू," कारकून लांबूनच ओरडला. "अजून तुमची नाही ती."

परतीच्या वाटेवर जिबरील एकटाच बोलत होता. "तो पोरगा तसलाच आहे. मनावर घेऊ नका. दोनाचा एक धरला तर धरला, आपण जास्त घालू. तुमच्या कड्याच्या बगलेला लहान झाडं आहेत की. निदान तीस-चाळीस असतील."

वरफा खिडकीतून समुद्राकडे बघत राहिला. मग समुद्र संपला आणि डोंगर लागला तरी त्याने मान वळवली नाही.

घरी आल्यावर अंबरोने विचारलं, "बघितलीत? कशी आहे?"

"मोठी आहे," तो म्हणाला. दोर खांद्यावर टाकून तो लगेच निघाला. बिलानला त्याने बरोबर घेतलं नाही.

उन्हाळी वारा सुटला होता. त्या वाऱ्यात कड्यावर माणूस टिकत नाही. रेती डोळ्यांत जाते, ओठ फुटतात. तिसऱ्या दिवशी अंबरो पाणी घेऊन वर गेली तेव्हा वरफा कड्यावर लटकलेला नव्हता. बगलेच्या उतारावर गुडघे टेकून बसला होता. त्याच्या पुढ्यात मनगटाएवढं झाड होतं. त्याच्या बापाने मरायच्या आदल्या वर्षी तिथल्या कपारींतून उगवलेली रोपं पाहून भोवती दगड रचले होते, शेळ्यांनी खाऊ नयेत म्हणून. तीच ही झाडं. वरफाने पाच घाव घातले होते. सहावा घालायला जागा शोधत तो झाडावरून हात फिरवून बघत होता.

अंबरो थांबली. त्याने मान वर केली. डोळे वाऱ्याने लाल झाले होते, की कशाने, कोण जाणे.

ती 'नको' म्हणाली असती तर त्याने तासणी टाकली असती. हे तिने नंतर पुष्कळदा बोलून दाखवलं. त्या वेळी ती काही म्हणाली नाही. पाण्याचा डबा खाली ठेवून तिने टोपली घेतली आणि त्याच्या शेजारी बसून आधीच्या झाडाचा चीक खरवडू लागली.

तिसरा ट्रक पाऊण भरला. हाजी बेलेने तेवढ्यावर भट्टी पाठवली. उरलेलं पुढच्या हंगामात द्या म्हणाला. मोठ्या मनाचा माणूस म्हणून गावाने त्याचं नाव घेतलं.

भट्टी उतरवायला बारा माणसं लागली. वासे खाली घालून, गडगडवत, शिव्या देत ती 'राजवाड्यात' नेली. दार अरुंद पडलं म्हणून भिंतीचे दोन थर काढावे लागले. बिलानने डोक्याचं कापड घट्ट बांधलं आणि दिवसभर नळ्या जोडल्या. पुरुष भोवती उभे राहून सल्ले देत होते. "त्या नळीला वर घे." "अगं, वाफ पळेल." ती म्हणाली, "काका, वाफ पळणार नाही, तुम्ही जरा पळा." सगळा गाव हसला.

दुसऱ्या दिवशी निवडीतून मागे उरलेला, चाळलेला चुरा भट्टीत घालून जाळ केला. दुपारपर्यंत नुसतं पाणी टपकत होतं. मग पाण्यावर सोनेरी साय आली. बिलानने ती बाटलीत काढली. अर्धी बाटली भरली. तिने पहिला थेंब आईच्या गळ्याला लावला. अंबरोने डोळे मिटले आणि मुलीचा हात आपल्या गळ्यावरच दाबून धरला. बायका गाऊ लागल्या. कुणीतरी डबा वाजवायला घेतला.

बिलान बाटली घेऊन बापाकडे आली. "आबा, बघा ना."

वरफाने वास घेतला. "चांगला आहे," म्हणाला. मग तो खोलीच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि नाचगाणं संपेपर्यंत परत आला नाही.

त्या हिवाळ्यात पाऊस झकास झाला. समुद्रावरून धुकं चढून आलं, खडकांतून पाणी ठिबकलं, बोरी-बाभळींना पालवी फुटली. शेळ्यांची पोटं सुटली. ज्या काट्याकुट्यांत कधी काही दिसत नसे तिथंही हिरवं दिसू लागलं. फक्त लोबानाची झाडं तशीच राहिली. दरवर्षी पावसानंतर चार-आठ दिवसांत त्यांच्या फांद्यांच्या टोकांना कुरळ्या पानांचे झुबके येतात. वरफा रोज वर जाऊन बघायचा. पंधरा दिवस गेले. महिना गेला. एका फांदीला त्याने हात लावला तर ती काडीसारखी मोडली. घावांच्या कडेला किडीची बारीक भोकं होती आणि भोकांतून पीठ सांडत होतं.

एक दिवस ऐन दुपारी कड्यावरून आवाज आला. माणसं धावली. सगळ्यात जुनं झाड बुंध्यासकट खडकावरून सुटून खाली आलं होतं. त्याला चिकटलेला दगडाचा पापुद्राही बरोबर आला होता. कड्यावर त्याच्या जागी पांढरा वाटोळा डाग तेवढा राहिला. वरफा त्या झाडाशेजारी बसला आणि त्याचे घाव मोजू लागला. एकवीस झाल्यावर शेजारच्याने त्याला दंडाला धरून उठवलं.

सातही घरांची हीच गत. कुणाची चार झाडं जगली, कुणाची दहा. वरफाची तीन. लहानांतलं एकही नाही.

पुढच्या हंगामात सगळ्या गावाचा मिळून पाच पोती लोबान झाला. तो बिलानने दोन दिवसांत उकळला. मग भट्टी थंड पडली. तांबं काळवंडलं. उन्हाच्या वेळी शेळ्यांची करडं तिच्याखाली येऊन बसत. 'राजवाडा' हा शब्द आता कुणी उच्चारत नव्हतं.

आणि मग जिबरील आला. या वेळी ट्रक रिकामा होता, आणि तो उतरला तो थेट बहिणीपाशी.

"आक्का, हाजी भट्टी परत मागतोय."

अंबरो शेळीचं दूध काढत होती. तिचे हात चालूच राहिले. "दिली ना त्याने?"

"तिसरा ट्रक पुरा कुठं झाला? तो म्हणतो, इथं पडून ती खराब होणार. बंदरात त्याने मोठी शेड बांधलीय. सगळीकडचा लोबान तिथं येतो, पार सरहद्दीपलीकडच्या हबशांच्या मुलखातला. तिथं चालेल." तो थांबला. "चालवणारं माणूसही हवंय त्याला. बिलानचं नाव मीच सुचवलं. राहायला खोली देतो म्हणाला. मी आहेच तिथं, आक्का."

दूध भांड्याबाहेर सांडलं. अंबरो उठली.

"तुला माहीत आहे मी झाडं उघडायला का लावली?"

"आक्का, मी काय केलं? मी तर..."

"तू ट्रक चालवलास," ती म्हणाली. "दुसरं काय करणार तू."

बिलान दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आईजवळ आली, भांडं उचललं, सांडलेल्या दुधावर पायाने माती सारली.

"मी जाते, आई."

"तुला कुणी विचारलं?"

"इथं बसून काय करू? ती तीन झाडं बघत बसू, आबांबरोबर? मला एवढं एकच काम येतं."

"मग दुसरं शीक. शेळ्या आहेत."

"आई." बिलानचा आवाज फाटला. "मी आणली ना ही भट्टी? माझ्याच तोंडातून निघाली ना पहिल्यांदा? गावातली माणसं मला काही म्हणत नाहीत. समोरून गेले की गप्प होतात. नाही राहवत मला."

अंबरोने तिला मारायला हात उचलला. तो हात तिच्या गालावर येऊन तसाच राहिला. मग दोघी तिथंच, शेळ्यांच्या मध्ये, जमिनीवर बसल्या. जिबरील ट्रकच्या चाकाशी जाऊन उभा राहिला आणि उगाच टायरला लाथा मारत राहिला.

भट्टी बाहेर काढायला भिंतीचे थर पुन्हा काढावे लागले. या वेळी कुणी शिव्या दिल्या नाहीत. बिलान तिच्याशेजारी, ट्रकच्या मागच्या भागात बसली, भांड्याला हादरे बसू नयेत म्हणून. वरफा कड्यावरून आला नव्हता. ट्रक वळणावर गेला तेव्हा तो वाटेच्या कडेला उभा दिसला, असं जिबरीलने नंतर सांगितलं. बिलानने ट्रक थांबवायला सांगितलं. वरफाने हाताने 'जा, जा' केलं आणि पाठ फिरवली.

त्या दिवसापासून अंबरो नवऱ्याशी बोलायची थांबली. भात पुढ्यात ठेवायची, चहा ठेवायची. तोही काही मागत नव्हता. पहाटे विहिरीवरून पिवळ्या डब्यात पाणी भरून तो वर निघायचा. विहिरीवर बायका आधी हसायच्या. "वरफा, कड्यावर काय शेती केलीस?" मग हसायच्या थांबल्या. त्याच्या आधी कुणी डबा भरत नसे. त्याला पुढे जाऊ देत.

लोबानाच्या झाडाला आमच्यात कधी कुणी पाणी घातलेलं नाही. ते धुक्यावर जगतं.

एक दिवस अंबरो त्याच्या मागे गेली. का गेली ते तिला सांगता यायचं नाही. दुसरा डबा तिने स्वतःच्या पाठीवर बांधला होता. चढाला दोनदा थांबावं लागलं. वर पोचली तेव्हा वरफा बगलेच्या उतारावर, बापाने रचलेल्या दगडांपाशी होता. एका वाळक्या झाडाच्या बुंध्यावर तो पाणी ओतत होता. खाली खडक. पाणी क्षणभर थांबायचं आणि निसटून उताराने जायचं. तो एका हाताने ओतत होता आणि दुसऱ्या हाताच्या पंजाने पाणी अडवत होता. बोटांतून ते गळत होतं.

तिने डबा खाली ठेवला. आवाजाने त्याने मान वळवली.

"वाळलंय ते," ती म्हणाली. तीन महिन्यांत ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली होती.

"माहीत आहे."

"मग?"

ती गुडघ्यांवर बसली, खांद्यावरची शाल काढली, तिची गुंडाळी करून बुंध्याच्या खालच्या अंगाला लावली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. त्याने पुन्हा पाणी ओतलं. या वेळी ते थोडं साचलं. दोघंही त्या साचलेल्या पाण्याकडे बघत राहिली.

अंबरोच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. गावात लागत नाही, वर लागतो. बिलान होती. मागून यंत्रांचा आणि माणसांचा आवाज येत होता.

"आई? कुठं आहेस? श्वास का लागलाय तुला?"

"वर आलेय. कड्यावर."

"आबा आहेत का तिथं? बरे आहेत?"

"आहेत. शेजारीच आहेत." अंबरोने शाल एका हाताने धरून ठेवली. "जेवलीस का?"

"जेवले. भात. आई..." बिलान थांबली. तिच्या मागे कुणीतरी तिचं नाव घेऊन ओरडलं. ती घाईने बोलू लागली. "झाडं कशी आहेत गं? एखाद्याला तरी फुटलं का काही?"

वरफा ओतायचा थांबला. फोनमधला आवाज त्याला ऐकू येत होता.

"फुटतंय," अंबरो म्हणाली.

"खरंच? लहानांना पण?"

"लहानांनाच. आबांच्या समोर आहे ते. टोकाला आलीयत पानं, कुरळी कुरळी."

पलीकडे बिलान रडायला लागली. रडता रडता हसत होती. "मग मी हंगामाला येऊ ना गं परत? एक-दोन वर्षांत येऊ ना?"

"ये," अंबरो म्हणाली. "ये की."

फोन बंद झाला. वरफाने डब्यात उरलं होतं तेवढं पाणी ओतलं. तिने शाल पिळून ते थोडं पाणीही बुंध्यावर सोडलं, आणि दुसऱ्या डब्याचं झाकण उघडून डबा त्याच्याकडे सरकवला.